वहाणांची टोकं

“सोड त्या वहाणा,” आबा म्हणाले.

मी उंबऱ्याच्या आत बसून हिंदुरावांच्या वहाणांना करडईचं तेल चोळत होते. आबा म्हणजे माझे सासरे, सुभेदार रावजी इंगवले. पलटणीतून उतरून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण कडक फेटा आणि कोटावर बिल्ले लावले की अजूनही ते दारातून वाकून आत येत नसत, दारानंच वर सरकावं अशी त्यांची अपेक्षा असे.

“अजून एक राहिलीय आबा. चामडं कडक झालंय.”

“असू दे. दे इकडं.”

मला वाटलं, चांभाराकडं टाका घालायला नेतायत. म्हणून दिल्या. दिल्या म्हणजे काय, त्यांनी हातातून ओढून घेतल्या आणि फडक्यात गुंडाळून काखेत मारल्या.

आमची खडकेवाडी फौजी गाव. घर तिथं शिपाई. रजा संपवून शिपाई निघाला की बूट घालायच्या आधी घरच्या वहाणा उंबऱ्याच्या आत काढून ठेवायचा, टोकं घराकडं. तो येईपर्यंत त्या तिथंच. त्यांना ओलांडायचं नाही, त्यांच्यावर धूळ बसू द्यायची नाही, तेल लावून मऊ ठेवायच्या, कारण तो आला की पहिल्यांदा त्याच घालणार. आणि तार वाईट आली, तर घरातला वडीलधारा माणूस पुढं होऊन वहाणांची टोकं बाहेर करायचा. मग रडायला सुरुवात. त्याच्या आधी रडायची सोय नव्हती.

त्या वर्षी उत्तरेला, बर्फाच्या डोंगरात लढाई लागली होती आणि हिंदुराव त्या डोंगरावर होते. आमच्या लग्नाला दोन उन्हाळे झाले होते. त्यातला सगळा मिळून एक रजेपुरता संसार. मला त्यांच्या आवाजापेक्षा त्यांच्या वहाणांचीच सवय जास्त होती.

दुपारी देवळासमोरच्या पटांगणात सभा होती. खुद्द मोठे साहेब येणार होते, दिल्लीचे. सगळा देश ज्यांच्या शब्दावर लढत होता ते. फौजी गावाला भेट द्यायची म्हणून आमदारानं त्यांना आमच्याकडं वळवलं होतं. गावानं जवानांसाठी ट्रक भरून ठेवला होता. लाडू, चटण्या, लोणच्याच्या बरण्या. आम्ही बायकांनी रात्रंदिवस खपून शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या. मीही केल्या. पण लाटणं फिरवताना माझ्या डोक्यात केरबाचंच बोलणं फिरत होतं.

केरबा शेजारच्या गावचा, हिंदुरावांच्याच कंपनीतला. हाताला गोळी लागून घरी आला होता. मी त्याला भेटायला गेले, तेव्हा तो आधी घरादाराचं विचारत राहिला. मग एकदम म्हणाला, “वैनी, तिथं लाडू नकोत. बूट पायजेत. आमच्या पायात कापडी बूट हायत. दिवसा भिजत्यात, रातीला पायातच गोठत्यात.”

“मग साहेब लोकांना सांगत न्हाई?”

“आमच्या कंपनीच्या साहेबांनी सांगितलं की. म्हणाले, बर्फाचं सामान येऊ द्या, मग चढतो. वरनं हुकूम आला, आत्ताच चढा. दिल्लीला मोठ्या साहेबांचं भाषण होतं. त्या दिवशी टेकडीवर झेंडा पायजे होता.” एवढं बोलून तो घाबरला. “कुणाला बोलू नका हां. म्हणतील जवानांचं मन खचवतोय.”

मी ते आबांना सांगितलं होतं. आबा भाकरी मोडायचे थांबले आणि म्हणाले, “शिपाई हुकूम मानतो, बूट मागत न्हाई.” पुढं त्या घरात त्या विषयाला जागा नव्हती.

सभेला गाव लोटलं होतं. फौजी घरच्या बायका म्हणून आम्हाला पुढं बसवलं. माझ्या एका बाजूला शेजारच्या काशाक्का. आबा मंचावर, खुर्चीच्या कडेला ताठ बसलेले. साहेब हिंदीत बोलत आणि एक एक वाक्य झालं की आमदार ते मराठीत ओरडून सांगे. साहेब दिसायला फार देखणे होते, हे कबूल केलं पाहिजे. बोलणंही तसंच. हिवाळा संपायच्या आत शत्रूला खाली ढकलू, एक इंच देणार नाही, ज्या मातांनी पोरं दिली त्यांच्या पायाची धूळ मी कपाळाला लावतो. बायका पदरानं डोळे पुसत होत्या.

तेवढ्यात आबा उठले. काखेतलं फडकं सोडलं. पुढं जाऊन त्यांनी हिंदुरावांच्या वहाणा साहेबांच्या पायापाशी ठेवल्या. टोकं समोर बसलेल्या गर्दीकडं, म्हणजे बाहेर.

बाहेरच्यांना काही कळलं नसेल, पण आमच्या गावाला कळलं. बापानं जिवंत लेकाच्या वहाणा फिरवल्या होत्या.

“पोरगा देशाला दिला,” आबा माइकवर म्हणाले. “माघारी येईल म्हणून दिला न्हाई. माझ्या हिशोबी तो कामी आला. आता आला तर नफा.”

आमदारानं हे साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी वाकून वहाणा उचलल्या, दोन्ही हातांनी डोक्यावर धरल्या आणि गर्दीला दाखवल्या. मग काय विचारता. घोषणांनी कळस हलला असेल. काशाक्का माझ्या मांडीवर थापा मारून रडत होत्या. “धन्य सुभेदार, धन्य गं बाई तुझा सासरा.”

मी उभी राहिले. उभं राहायचं असं ठरवलं नव्हतं. मला फक्त माझ्या वहाणा परत हव्या होत्या. पण त्या साहेबांच्या डोक्यावर बघितल्या आणि तोंडातून दुसरंच आलं.

“साहेब, त्यांच्या वहाणा तुमच्या हातात हायत. त्यांच्या पायात काय हाय?”

पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं. साहेबांनी हात खाली घेतले आणि कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. आमदाराकडं वाकून विचारलं, “क्या कह रही है?”

आमदारानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग तो हसला. “सुभेदार साहब की बहू है, साहब. कह रही है, घर में एक और होता तो उसे भी भेज देती.” आणि लगेच माइकमध्ये मराठीत, “आमच्या या भगिनी म्हणतात, घरात अजून एक असता, तर तोही दिला असता!”

“न्हाई!” मी ओरडले. “मी असं न्हाई म्हणाले. बूट, बुटांचं विचारा त्यांना!”

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. काशाक्कांनी माझा पदर धरून मला खाली ओढलं. दुसऱ्या एकीनं तोंडावर हात ठेवला, इतका घट्ट की ओठ दातात रुतून रक्त आलं. ट्रकमधल्या पोळ्या लाटणारे हात होते ते. मी त्यांच्या बोटांमधून आबांकडं बघत होते. आबांना हिंदी येत होती. उभा जन्म पलटणीत गेला होता त्यांचा. माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं आणि आमदाराचंही ऐकलं होतं. साहेब कौतुकानं त्यांच्याकडं वळले, “आपकी बहू है?”

आबा ताठ झाले. त्यांनी सलाम ठोकला.

वहाणा साहेब घेऊन गेले.

घरी आल्यावर काशाक्का ओठाला लावायला हळद घेऊन आल्या. “बरं झालं आमदारानं सावरून घेतलं. न्हाईतर गावाचं नाक गेलं असतं. पोरं तिकडं लढत्यात आणि तू इथं साहेबाला जाब विचारतीस? जवानांच्या बाजूची हायस का त्यांच्या वाईटावर?”

“मी त्यांच्याच पायाचं विचारलं की.”

“मी तर काही ऐकलं न्हाई बाई,” काशाक्का म्हणाल्या. त्या दिवसापासून पुढच्या रांगेतल्या एकीनंही काही ऐकलेलं नव्हतं.

मला वाळीत टाकलं असतं, तर मी सोसलं असतं. पण गावानं मला डोक्यावर घेतलं. आजूबाजूच्या गावांतून बायका माझी ओटी भरायला यायच्या. शाळेत मास्तर माझं नाव सांगायचे. पेपरात साहेबांचा वहाणा डोक्यावर धरलेला फोटो आला आणि खाली माझं वाक्य, जे माझं नव्हतं. रेडिओवर आलं. साहेब गावोगाव त्या वहाणा लाल कापडात घेऊन हिंडत होते आणि प्रत्येक सभेत माझी गोष्ट सांगत होते. मी आलेल्या बायांना खरं सांगायला जाई, तर त्या म्हणत, “किती साधी आहे हो, मोठेपणा घेत नाही.” आणि माझ्या कपाळाला कुंकू लावत.

उंबऱ्यात वहाणांच्या जागी तेलाचे दोन डाग राहिले होते. आबा ते ओलांडून ये-जा करत. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. ताट वाढायचं आणि उचलायचं, एवढंच.

मग लढाई थांबली. कुठल्याशा परदेशी गावात बोलणी झाली आणि ठरलं, की दोन्हीकडच्यांनी लढाईआधी होते तिथं माघारी जायचं. म्हणजे ती टेकडी आम्ही सोडून दिली. रेडिओवर मात्र विजय झाला होता. गावात पेढे वाटले.

हिंदुराव जिवंत असल्याचं कळलं, ते लष्कराच्या दवाखान्यातून. आबा एकटेच आणायला गेले. बैलगाडी दारात आली, तेव्हा मी आरती घेऊन उभी होते. आबा गाडीतून उतरले, पाठ वळवली, वाकले आणि हिंदुरावांना पाठीवर घेतलं. अंगाभोवती लष्करी घोंगडी होती. ती खालच्या बाजूला मोकळी लोंबत होती, आत काही नसल्यासारखी. घोट्यांच्या वरपासून दोन्ही पाय गेले होते. काळे पडले, म्हणून कापले.

माझ्या हातातलं ताट आबांनी खांद्यानंच बाजूला सारलं. उंबऱ्यापाशी हिंदुराव म्हणाले, “थांबा आबा. वहाणा कुठायत?”

आबांनी त्यांना आत नेऊन खाटेवर ठेवलं.

संध्याकाळी मी कढत पाण्यानं त्यांचं अंग पुसत होते. ते छताच्या तुळईकडं बघत होते.

“रेडिओवर ऐकलं तुझं,” ते म्हणाले.

माझा हात थांबला.

“वर एकच रेडिओ होता. सगळी पोरं गोळा व्हायची त्याच्याभोवती. तवा माझे पाय सुजाया लागले होते. सगळे म्हणाले, इंगवले, तुझ्या बायकोला तू गेलास तरी चालतंय, ती दुसरा द्यायला तयार हाय. हसले सगळे. मीपण हसलो.”

“मी तसं म्हणाले न्हाई.”

“मग कोण म्हणालं?”

मी सगळं सांगितलं. वहाणा, आमदार, तोंडावरचे हात. ते ऐकत होते, पण चेहरा काही उघडला नाही. मग त्यांनी दाराकडं मान वळवली. आबा तिथंच सोप्यात बसले होते. “आबा, तुम्ही होता मंचावर. ही काय म्हणाली?”

आबा विडी विझवून उठले आणि बाहेर निघून गेले.

“बघ,” हिंदुराव मला म्हणाले, आणि कुशीवर वळले. त्यानंतर माझ्या हातून पाणी घ्यायचं, तर ते पेला खाली ठेवायला लावत आणि मग उचलत.

आठवडाही झाला नाही तोच आमदाराचा माणूस आला. निवडणुका लागल्या होत्या. साहेब पुन्हा येणार होते, वहाणा स्वतःच्या हातानं परत करायला. “पोरगा आलाय ना? मंचावर पाहिजे. बरा आहे ना?”

“पायाला जरा लागलंय,” आबा म्हणाले. “खुर्चीत बसवतो.”

हिंदुराव नको म्हणाले. आबा खाटेजवळ गेले. इतक्या दिवसांत मी त्यांचा एवढा हळू आवाज ऐकला नव्हता. “तुझ्यासाठी न्हाई. वर राहिलेल्या पोरांसाठी चल. घोंगडी पांघरून बसायचं. तुला कुणी बोलायला लावणार न्हाई, कुणी बघणार न्हाई. माझा शब्द.”

“शब्द?”

“शब्द.”

बापाचा शब्द मानून ते गेले. आबांनी पाठीवरून नेलं, सगळ्यांच्या आधी, पटांगण रिकामं असताना, आणि खुर्चीत बसवून घोंगडी जमिनीपर्यंत ओढली. गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण आमदाराच्या कानावर घालायला कुणी गेलं नाही.

साहेब आले. तेच देखणेपण, तोच आवाज. विजयाचं भाषण झालं. मग त्यांनी लाल कापड सोडलं. मी पुढंच बसले होते. वहाणा ओळखू येईनात. गावोगाव फिरून पट्टे वाळून तडकले होते. इतके दिवस त्यांना कुणी तेलाचं बोट लावलं नव्हतं. मला ते बघून जेवढा संताप आला, तेवढा पाय गेलेले कळल्यावरही आला नव्हता.

साहेब त्या हिंदुरावांच्या मांडीवर ठेवायला गेले. तेवढ्यात आबा मधे उभे राहिले. आमदाराकडं त्यांनी बघितलंही नाही, पलटणीतल्या स्वच्छ हिंदीत सरळ साहेबांनाच म्हणाले, “साहब, हमारे गाँव की रीत है. जो ले जाता है, वही अपने हाथ से पहनाता है.”

असली रीत आमच्या गावात कधीच नव्हती. समोर बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं. एकही माणूस बोलला नाही.

मला कळलं आबा काय करतायत. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. अंगावर काटा येईल इतकं बरं वाटलं. मग मी हिंदुरावांकडं बघितलं. त्यांनी खुर्चीचे हात धरले होते आणि ते नकारार्थी मान हलवत होते, लहान पोर डॉक्टरसमोर हलवतं तशी. “आबा,” ते म्हणाले. “आबा, नको.”

फोटोवाले पुढं धावले. साहेब हसत गुडघ्यावर बसले. छान दिसणार होता फोटो. त्यांनी एका हातात वहाण धरली आणि दुसऱ्या हातानं घोंगडी वर केली.

“मेरी बहू ने उस दिन यही पूछा था, साहब,” आबा म्हणाले. माइक चालू होता. “इसके पाँव में क्या है?”

सगळं पटांगण बघत होतं. पुढच्या रांगा, मागच्या रांगा, झाडावर बसलेले. साहेबांच्या हातातली वहाण खाली पडली. आमदाराचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, आता उत्तर मिळेल.

साहेब उठले. त्यांना सावरायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माणूस डोळ्यातला कचरासुद्धा काढू शकत नाही. त्यांनी माइक ओढला, हिंदुरावांकडं हात केला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, “देखिए! देख लीजिए! इसको कहते हैं त्याग!”

मग मागून कुणीतरी जयजयकार केला. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. माझ्या शेजारी काशाक्का उभ्या राहून ओरडत होत्या. घोषणा थांबेनात, फोटोवाले हटेनात, आणि हिंदुराव तसेच उघडे बसलेले. घोंगडी खुर्चीच्या कडेवर अडकली होती. ती खाली ओढायला त्यांना वाकावं लागलं असतं, आणि वाकले असते तर तोल गेला असता.

मी मंचावर चढले, घोंगडी ओढली आणि त्या दोन वहाणा उचलून पदरात घेतल्या. या वेळी मला कुणी अडवलं नाही. आबा तिथंच उभे होते. त्यांनी पाठ वळवून वाकवली.

“न्हाई,” हिंदुराव म्हणाले. “गाडी आणा.”

गाडी येईपर्यंत आम्ही दोघं त्या मंचावर बसून होतो. साहेबांची मोटार केव्हाच गेली होती. हिंदुराव माझ्याकडं वळले.

“खरंच हे विचारलं होतंस?”

“व्हय.”

“सगळ्यांसमोर?”

“व्हय.”

त्यांनी माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं आणि गाडी आली तरी सोडलं नाही.

घरी आबा आमच्या आधी पोचले होते. उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले होते, फेटा काढून. म्हातारा इतका लहान दिसेल असं मला वाटलं नव्हतं. गाडीवानानं हिंदुरावांना उतरवून आत घेतलं. खाटेवर टेकताच ते मला म्हणाले, “वहाणा ठेव जागेवर.”

मी तेलाच्या डागांवर वहाणा ठेवल्या. टोकं घराकडं. हात सवयीनं तसाच गेला.

“तशा न्हाई,” हिंदुराव म्हणाले. “फिरव.”

“अहो, तुम्ही हायसा की.”

“फिरव म्हणतोय न्हवं.” मग बापाकडं बघून, आवाज न चढवता, “आबा, पयल्या वेळी साहेबाला खूश करायला मला दिलंत. आज साहेबाला हरवायला दिलंत. दोन्ही वेळा तुम्हीच. आणि दोन्ही वेळा टाळ्या पडल्या.”

आबांनी हात पुढं केला, वहाणांकडं किंवा लेकाकडं, मला सांगता येणार नाही. मग मागं घेतला. मी वहाणा फिरवल्या. टोकं बाहेर.

साहेब निवडून आले. पाय धरायला वाकलेले साहेब, असा तो फोटो पुढं कॅलेंडरवर छापला गेला. हिंदुराव गेले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हातानं फिरवायच्या शिवणयंत्रावर सगळ्या गावाचे शाळेचे कपडे शिवून. माझ्या हातून पाणी ते थेट घेत. बापाशी मात्र त्या दिवसानंतर एक शब्द बोलले नाहीत. आबा त्याच घरात राहिले, त्याच घरात म्हातारे झाले. मी वहाणांना दर आठवड्याला तेल लावत राहिले. आबा दर सकाळी काठी टेकत दारापाशी येत, त्या फिरवलेल्या वहाणांसमोर थांबत, आणि ओलांडायच्या नाहीत म्हणून मागच्या दारानं बाहेर जात.